दाताच्या रंगाचे फिलिंग बसवताना: कोरडेपणा, बाँड आणि कॉन्टॅक्ट

कॉम्पोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिन पेस्टचे, फिलिंग वर्ष-दोन वर्षांत कडेने काळे पडले, भरल्यानंतर दाढेला गार पाणी झोंबू लागले किंवा दोन दाढांच्या फटीत जेवण अडकू लागले, की आपला पहिला संशय पेस्टवर आणि ती बनवणाऱ्या कंपनीवर जातो. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा पेस्ट खड्ड्यात टाकण्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काहीतरी निसटलेले असते. लाळ कडेपर्यंत पोहोचलेली असते, बाँड (पेस्ट दाताला चिकटवणारा द्रव) पुरता सुकलेला नसतो किंवा मॅट्रिक्स (पेस्टला बाजूने आधार देणारी पातळ पट्टी) सैल राहिलेली असते. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत नव्याने दवाखाना सुरू करणाऱ्या दंतवैद्यांसाठी हे टिपण लिहीत आहे, त्यामुळे त्या दहा मिनिटांवर येथे अधिक भर दिला आहे. आपल्याकडे विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाची दवाखान्यातील प्रत्येक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची बुडालेली मजुरी असते. तेच फिलिंग पुन्हा करावे लागले, तर आपण पैसे घेतले नाहीत तरी रुग्णाला ते फुकट पडत नाही.

ॲमल्गमचे, म्हणजे लोक ज्याला चांदी म्हणतात ते, फिलिंग खड्ड्याच्या आकाराच्या आधाराने दाढेत अडकून राहत असे आणि थोडाफार ओलावा सहन करत असे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, त्यानंतर त्याचा वापर कमी होत गेला आणि मागच्या दाढांचे कामही कॉम्पोझिटकडे आले. कॉम्पोझिटला चिकटण्यावरच जगावे लागते. फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कडक कवच, खरखरीत केले की त्यावर रेझिन घट्ट धरते, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. इनॅमलखालच्या थराच्या, म्हणजे डेंटिनच्या, उघड्या पडलेल्या कोलॅजन तंतूंमध्ये रेझिन मुरून एक मिश्र थर तयार होतो, हे नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये मांडले. इनॅमलला पूर्ण कोरडेपणा हवा असतो आणि डेंटिनला किंचित ओल, आणि एकाच खड्ड्यात दोन्ही शेजारी शेजारी असतात. या कामातील बरीचशी कसोटी येथेच लागते.

भूल देण्यापूर्वी

इंजेक्शन देण्याआधी आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्याचे ठसे उमटवणारा रंगीत कागद) चाववून घ्यावा. समोरच्या दाढेचा कस्प (चावण्याच्या बाजूचा उंचवटा) नेमका कोठे टेकतो हे तेव्हाच खरे कळते, कारण बधिर जबड्याने रुग्ण नेहमीसारखा चावत नाही. फिलिंगची कड त्या ठशावर येणार नाही अशी खड्ड्याची आखणी करावी. दोन दाढांमधली कीड असेल तर बाइटविंग एक्स-रे आधी काढावा. बॉक्सचा, म्हणजे दोन दाढांमधल्या बाजूच्या खड्ड्याचा, तळ हाडाच्या किती जवळ जाणार आहे आणि तेथे इनॅमल उरणार आहे की नाही, याचा अंदाज त्यावरून येतो.

रंगही याच वेळी निवडावा. दात सुकला की पांढुरका दिसू लागतो, त्यामुळे रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावल्यानंतर जुळवलेला रंग दुसऱ्या दिवशी चुकीचा ठरतो. पुढच्या दातांसाठी निवडलेल्या पेस्टचा छोटा ठिपका बाँड न लावता दातावर ठेवून क्युअर, म्हणजे लाइटने कडक, करून पाहावा आणि मग तो काढून टाकावा. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यातील थेट उन्हात रंग फसवा दिसतो, म्हणून खिडकीजवळच पण सावलीत उभे राहून पाहावे. दाढांच्या बाबतीत मी रंगाचा फार आग्रह धरत नाही. पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तर फिलिंग आणि दात यांतील सीमा ओळखू यावी इतका फरक असलेला मला बरा वाटतो.

ओलावा बाहेर ठेवणे

सॅनफोर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये रबर डॅम वापरात आणला, आणि त्याला पूर्ण पर्याय ठरेल असे साधन अद्याप माझ्या हाती आलेले नाही. उघड्या तोंडातील हवा उच्छ्वासामुळे जवळजवळ संपृक्त दमट असते. आरशावर वाफ धरते तशीच ती नुकत्याच एच केलेल्या (आम्लाने खरखरीत केलेल्या) इनॅमलवरही धरते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. एकाच दाताला भोक पाडण्याऐवजी मागचा एक आणि पुढचे दोन-तीन दात पडद्याबाहेर घ्यावेत, म्हणजे मॅट्रिक्सच्या रिंगला जागा मिळते. पडदा दोन दातांमधून फ्लॉसने खाली उतरवल्यानंतर त्याची कड हिरडीच्या बाजूला आत दुमडावी आणि हलकी हवा मारत दुमडली गेली की नाही ते पाहावे. न दुमडलेल्या कडेतून पाणी झिरपत राहते आणि मग डॅम लावूनही डॅम नसल्यासारखेच होते. पडदा दातावर धरून ठेवणाऱ्या क्लँपला फ्लॉसचा लांब दोरा बांधून तो तोंडाबाहेर ठेवणे कधीही वगळू नये. रुग्णाला लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर नायट्राइलचा पडदा वापरावा.

रुग्ण डॅमला नकार देतात, ही सबब मला पटत नाही. “मावशी, हा रबराचा पडदा लावतोय. नाकानं श्वास घ्या, पाणी आणि औषध घशात जाणार नाही. काही वाटलं तर डावा हात वर करा,” एवढे लावण्याआधी सांगितले तर बहुतेक जण शांत राहतात. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांतून पुष्कळ रुग्ण येतात. हेच वाक्य त्यांच्या भाषेत सांगू शकणारी सहायक दवाखान्यात असली की निम्मी भीती तेथेच जाते.

मागच्या अर्धवट उगवलेल्या दाढेला डॅम खरोखरच बसत नसेल, तर लाळ कोठून येते हे ध्यानात ठेवून कापूस ठेवावा. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात एक लाळवाहिनी उघडते आणि जिभेखाली पुढच्या बाजूला दुसऱ्या वाहिन्या उघडतात, म्हणून खालच्या दाढेवर काम करतानासुद्धा वर गालात शोषक पॅड ठेवावे लागते. एवढे करूनही कोरडेपणाची खात्री नसेल तर त्या दिवशी कॉम्पोझिटचा हट्ट सोडावा आणि ग्लास आयोनोमर (ओल अधिक सहन करणारे सिमेंट) भरावे.

कीड किती काढावी

कडेपासून आत दोन-एक मिलिमीटरपर्यंतचे इनॅमल आणि डेंटिन पूर्ण स्वच्छ व कडक असायला हवे, कारण सील तेथेच बसते. पल्पजवळचा, म्हणजे दाताच्या आतील जिवंत गाभ्याजवळचा, नियम मात्र वेगळा आहे. खोल किडीत, दाताला आपोआप उठणारी किंवा रात्री जागवणारी वेदना नसेल आणि पल्प जिवंत असेल, तर तळाशी चामड्यासारखे किंवा मऊ डेंटिन ठेवून वर घट्ट बंद करणे हे पल्प उघडा पाडण्यापेक्षा हिताचे आहे. २०१६ मध्ये कीडविषयक तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने केलेल्या शिफारशीही याच दिशेच्या आहेत. तळाशी एअरोटर (वेगाने फिरणारे ड्रिल) न चालवता हाताने स्पून एक्सकॅव्हेटर वापरावा, म्हणजे डेंटिन पापुद्र्याने निघते की भुग्याने, हे बोटांना कळते. पूर्वी झिंक ऑक्साइड-युजेनॉलची तात्पुरती पेस्ट भरलेली असेल तर तिचा कणही शिल्लक ठेवू नये, कारण युजेनॉल रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. दात पांढरे करण्याचे ब्लीचिंग झाले असेल तर फिलिंग किमान दोन आठवडे पुढे ढकलावे. उरलेला कस्प दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल आणि त्यावर चावण्याचा जोर येत असेल, तर तो झाकून घेण्याचा विचार करावा. कडक भाकरी रोज खाणाऱ्या माणसाच्या दाढेत असा कस्प फार काळ टिकत नाही.

मॅट्रिक्स आणि वेज

दोन दाढांमधील फिलिंगबद्दल येणारी सर्वांत सामान्य तक्रार जेवण अडकण्याची असते, आणि शेंगाचटणीचे बारीक कण तर सैल कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन दाढांचा एकमेकींना होणारा स्पर्श, पहिल्याच जेवणात शोधून काढतात. कॉम्पोझिट ॲमल्गमसारखे दाबून शेजारच्या दाढेकडे ढकलता येत नाही, त्यामुळे कॉन्टॅक्ट मॅट्रिक्सनेच मिळवावा लागतो. गोल फिरवून आवळायच्या सरळ पट्टीपेक्षा, आधीच फुगीर आकार दिलेली सेक्शनल मॅट्रिक्स आणि रिंग यांनी कॉन्टॅक्ट अधिक भरवशाचा मिळतो. काम सुरू करतानाच वेज (दोन दाढांमधली छोटी पाचर) बसवून ठेवावी: ती दोन दाढा किंचित अलग करते, हिरडी खाली दाबते आणि एअरोटरचा बर शेजारच्या दाढेला लागण्यापासून वाचवते. मॅट्रिक्स बसली की बॉक्सच्या तळाशी प्रोब फिरवून पाहावा. पट्टी आणि दात यांच्यामध्ये तो कोठेही शिरत असेल तर तेथे पेस्ट बाहेर येणार आणि पुढे हिरडी सुजणार, हे आत्ताच ठरले म्हणून समजावे. वेज बदलावी, दुसऱ्या बाजूने घालून पाहावी किंवा टेफ्लॉनच्या टेपची घडी पट्टीमागे ठोसावी, पण फट असताना पुढे जाऊ नये. शेवटी गोल टोकाच्या उपकरणाने पट्टी आतून शेजारच्या दाढेवर घासावी, म्हणजे ती टेकते त्या जागी धातूवर एक लहानसा चकचकीत ठिपका उमटतो. तो ठिपका दिसल्याशिवाय मी बाँडची बाटली उघडत नाही.

एचिंग आणि बाँड

अलीकडच्या युनिव्हर्सल बाँडबरोबर मी फक्त इनॅमलच्या कडेवर ३७ टक्क्यांच्या आसपासचे फॉस्फोरिक आम्लाचे जेल लावतो आणि डेंटिनला बाँडमधल्या आम्लावर सोडतो. या बाँडमधील सौम्य आम्ल डेंटिनला पुरते, पण इनॅमलवर कमी पडते. जेल इनॅमलवर १५ ते ३० सेकंद ठेवावे. ते ओघळून डेंटिनवर गेले तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र तेथे १५ सेकंदांपेक्षा अधिक राहू देऊ नये, कारण आम्ल जितके खोल गेले तितके खोल रेझिन मुरतेच असे नाही, आणि तो रिकामा राहिलेला थर पुढे झिणझिण्या आणि गळती यांचे कारण होतो. त्यानंतर निदान दहा-पंधरा सेकंद पाण्याने धुवावे. इनॅमल सुकल्यावर खडूसारखे निस्तेज पांढरे दिसले पाहिजे; दिसले नाही तर तेवढ्या भागावर जेल पुन्हा लावावे. डेंटिन मात्र रखरखीत सुकवू नये. त्यावर नुसती चमक राहावी, पाण्याचे डबके साचू नये. अशा वेळी हवेच्या फवाऱ्यापेक्षा लहान कोरड्या ब्रशने पाणी टिपून घेणे सोपे जाते.

बाँड लावणे म्हणजे नुसते रंगवणे नव्हे. ओला ब्रश खड्ड्याच्या सर्व भिंतींवर, विशेषतः बॉक्सच्या तळाच्या कोपऱ्यांत, सुमारे २० सेकंद घासत राहावे. मग आधी दुरून हलकी आणि हळूहळू जवळून जोराची हवा द्यावी. सुरुवातीला बाँडच्या थरावर बारीक लाटा हलताना दिसतात. विद्रावक उडून जाईपर्यंत त्या हलत राहतात आणि मग थर जागच्या जागी स्थिर चकाकतो. लाटा थांबण्याआधी लाइट लावला तर आत अडकलेले विद्रावक आणि पाणी रेझिनला कायमचे कमकुवत करतात. आधी सांगितलेल्या दहा मिनिटांपैकी हे पाच-सात सेकंद सर्वाधिक मोलाचे आहेत, आणि दवाखान्याबाहेर गर्दी असली की नेमके तेच सर्वांत आधी कापले जातात. प्रत्येक कंपनीच्या वेळा थोड्या वेगळ्या असतात, तेव्हा सोबतची पुस्तिका एकदा नीट वाचून त्या वेळा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

आपल्याकडच्या हवामानाचा प्रश्न येथे येतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारी वीज गेली की दवाखान्यातील एसी बंद पडतो आणि बाँडमधील इथेनॉल किंवा ॲसिटोन बाटलीतच उडू लागते. बाटली आणि पेस्टच्या सिरिंज फ्रीजमध्ये ठेवाव्यात, कामाच्या तासभर आधी बाहेर काढाव्यात, थेंब अगदी ऐनवेळी काढावा आणि झाकण त्याच क्षणी लावावे; दोन रुग्णांसाठी एकदाच काढलेला बाँड दुसऱ्याच्या दाढेत बाँड राहिलेला नसतो. कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी रिकामी करावी आणि थ्री-वे सिरिंजची हवा स्वच्छ आरशावर मारून पाहावी. आरशावर तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका उमटला तर तीच हवा आपण एच केलेल्या इनॅमलवर मारणार आहोत, हे लक्षात घ्यावे. बाँडमधील मेथाक्रिलेट साध्या ग्लोव्हजमधूनही काही मिनिटांत आरपार जाते आणि बोटांना कायमची ॲलर्जी देऊ शकते, म्हणून थेंब हाताला लागल्यास ग्लोव्ह तेव्हाच बदलावा. सहायकांनाही हे आवर्जून सांगावे.

मध्येच लाळ आली तर काय? एच केल्यानंतर आली असेल तर धुवून, सुकवून थोडा वेळ पुन्हा एच करावे. क्युअर झालेल्या बाँडवर आली असेल तर धुवून, सुकवून बाँडचा नवा थर द्यावा. नुसते कापसाने पुसून पुढे जाणे, हा या कामातला सर्वांत महागडा शॉर्टकट आहे.

पेस्ट भरणे आणि लाइट

कॉम्पोझिट कडक होताना आकुंचन पावते. साधारण दोन ते तीन टक्के आकारमान कमी होते. खड्ड्याच्या अनेक भिंतींना एकाच वेळी चिकटलेला मोठा गोळा आकसला, तर तो कुठून तरी सुटतो किंवा कस्पला आत ओढतो. भरल्यानंतर चावताना येणारी कळ पुष्कळदा याचीच असते. बॉक्सच्या तळाशी अर्ध्या मिलिमीटरचा पातळ फ्लोएबल, म्हणजे वाहत्या कॉम्पोझिटचा, थर देऊन तो क्युअर करावा. नंतर मॅट्रिक्सला लागून इनॅमलची भिंत उभी करावी, म्हणजे दोन बाजूंचा खड्डा एका बाजूचा होतो. त्यापुढचे थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड नसावेत आणि ते समोरासमोरच्या भिंतींना एकदम न टेकवता तिरपे ठेवावेत. बल्क-फिल पेस्ट चार मिलिमीटरपर्यंत एकदम क्युअर होते आणि खोल खड्ड्यात ती सोयीची पडते. तिने कोरडेपणाची आणि बाँडची अट मात्र जराही सैल होत नाही. पेस्टच्या ताटलीवर नारिंगी झाकण ठेवावे, कारण डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडातही ती घट्ट होऊ लागते.

बहुतेक पेस्टमधील कॅम्फरक्विनोन (प्रकाश मिळताच पेस्ट कडक करू लागणारे द्रव्य) ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सर्वाधिक शोषते. लाइटची क्षमता १००० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरच्या जवळ असेल तर प्रत्येक थराला २० सेकंद द्यावेत. मात्र बॉक्सचा तळ लाइटच्या टोकापासून सहा-सात मिलिमीटर दूर असतो आणि तेथे पोहोचणारा प्रकाश बराच कमी झालेला असतो, म्हणून पहिल्या थराला वेळ वाढवावा. टोक काटकोनात धरावे, नारिंगी चष्मा लावून शेवटपर्यंत त्याकडे पाहत राहावे. मान वळवली की हात सरकतो. मॅट्रिक्स काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूने पुन्हा क्युअर करावे. पल्पजवळ डेंटिन पातळ असेल तर शक्तिशाली लाइटची उष्णता आत पोहोचते, तेव्हा दोन वेळांमध्ये काही सेकंद थांबून हलकी हवा द्यावी. महिन्यातून एकदा प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या रेडिओमीटरवर लाइट तपासावा आणि टोकाला चिकटलेली जुनी पेस्ट रोज खरवडावी. बॅटरीवरचा लाइट सकाळी पूर्ण चार्ज असणे, हे भारनियमनाच्या दिवसांत विसरता येत नाही.

वरचा थर भरताना कस्प आणि खाचा आधीच आकारून घेतल्या की नंतर घासण्याचे काम थोडेच उरते. हवेला उघडा राहिलेला सर्वांत वरचा पातळ थर ऑक्सिजनमुळे चिकट राहतो. त्यावर ग्लिसरीन जेल लावून शेवटचे २० सेकंद क्युअर केले की तोही कडक होतो.

घासणे आणि चावणे तपासणे

डॅम काढल्यावर आर्टिक्युलेटिंग पेपर आधी सरळ चाववावा, मग दाढा डावीकडे-उजवीकडे घासायला सांगावे. फिलिंगवरचा ठसा शेजारच्या दातांवरच्या ठशांइतकाच फिका हवा. भूल उतरलेली नसेल तर “दाढ उंच लागते का?” या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये, ठसे पाहावेत. बारीक दाण्याचा डायमंड बर, नंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या जाड ते बारीक चकत्या किंवा रबर पॉइंट आणि फटीत फिनिशिंग स्ट्रिप, एवढे पुरते. फ्लॉस कॉन्टॅक्टमधून टचकन आवाज करत उतरला पाहिजे आणि तळाशी न फाटता बाहेर आला पाहिजे.

मिश्रीने झिजलेले दात

सोलापुरात हिरडीलगत पाचरीसारख्या झिजलेल्या जागा वरचेवर दिसतात, विशेषतः वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या स्त्रियांमध्ये. तेथील डेंटिन पिवळसर, काचेसारखे चकचकीत झालेले असते आणि बाँड त्याला सहज धरत नाही, म्हणून बरने त्याचा वरचा थर हलका खरखरीत करून घ्यावा. हिरडीखाली पातळ रिट्रॅक्शन कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) ठेवावी, म्हणजे तेथून झिरपणारा द्रव थांबतो. वरची कड इनॅमलमध्ये असेल तर तिला लहानसा बेव्हल (तिरपा उतार) द्यावा. खालची कड मुळाच्या डेंटिनवर असेल आणि ओल थांबत नसेल, तर रेझिन मिसळलेले ग्लास आयोनोमर तेथे अधिक टिकते. मिश्री सुटली नाही तर शेजारचे दात झिजत राहतील, हे स्पष्ट सांगावे, पण ओरडून सांगू नये. पहाटेपासून विडी वळणाऱ्या बाईला तंबाखू सोडा म्हणणे सोपे नाही. तिच्याशी दोन-तीन भेटींत बोलावे लागते.

भरल्यानंतर

बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नये, एवढेच सांगणे पुरते. कॉम्पोझिटसाठी दिवसभर उपाशी राहण्याची गरज नाही. गार झोंबणे हळूहळू कमी होत असेल तर दोन आठवडे वाट पाहावी. चावतानाच कळ येत असेल तर आधी हाय पॉइंट (फिलिंगची उंच राहिलेली जागा) शोधावा. आपोआप दुखू लागले किंवा गरम पाण्याने कळ टिकून राहू लागली, तर पल्पची पुन्हा तपासणी करावी. सहा महिन्यांनी कडा पाहाव्यात आणि कीड वारंवार लागणाऱ्या रुग्णांचा बाइटविंग वर्षभराने पुन्हा काढावा. कडेला तपकिरी रेघ दिसली म्हणून संपूर्ण फिलिंग उपसू नये: रेघ पॉलिशने जाते का पाहावे, जात नसेल तर तेवढाच भाग कोरून जुने कॉम्पोझिट खरखरीत करावे, त्यावर सायलेन (जुन्या कॉम्पोझिटशी जोड घट्ट करणारा द्रव) आणि बाँड लावावा आणि नवी पेस्ट भरावी. अशा दुरुस्तीत दाताचा निरोगी भाग कमी जातो, आणि दाढ मोकळी व कोरडी मिळाली तर काम एका बैठकीत आटोपते.